अकराव्या तासाची मुले



मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. 'अ' वर्षातील सामान्य काळाच्या २५ व्या रविवारी तो मिस्सात वाचला जातो, म्हणजे दर तीन वर्षांनी आपण तो ऐकतो. ऐकून झाल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना मनातून वाटते की, धन्याने जरा अन्यायच केला. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि संध्याकाळी पाच वाजता येऊन तासभर हात हलवलेल्यालाही एकच दीनार! एखाद्या कारखान्यात असा पगार वाटला तर दुसऱ्या दिवशी गेटवर युनियन उभी राहील. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

या दाखल्याकडे आज आपण एका विशिष्ट ठिकाणी उभे राहून पाहू या. ते ठिकाण म्हणजे आपली कॅथलिक शाळा. शाळेच्या प्रवेशाचे दिवस आले की आपल्या समाजात जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढे लग्नाच्या मांडवातही होत नसतील. एरवी कपाटात पडून असलेला बाप्तिस्म्याचा दाखला या दिवसांत बाहेर निघतो. कुणाला शिफारसपत्र हवे असते, कुणाला फीची सवलत, कुणाला दोन्ही. प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो: 'फादर, शेवटी शाळा आपली आहे.' हा 'आपली' शब्द कुठवर पोहोचतो आणि कुठे थांबतो, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. माणूस स्वतःभोवती फिरणे सोडून दुसऱ्यासाठी जागा करतो की नाही, याची परीक्षा आपल्या समाजात बहुधा शाळेच्या दारातच होते.

आता दाखल्याकडे वळू. आपल्या शहरातील कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी आठला जाऊन पाहा. गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. ठेकेदार येतात, धडधाकट माणसे निवडून नेतात. दहा-अकरापर्यंत नाका पांगतो. तरीही काही जण उरतात. म्हातारे असतात, पायाने अधू असतात, कडेवर लेकरू असलेली एखादी बाई असते. ते आळशी नसतात. त्यांना कुणी नेलेले नसते, एवढेच. दाखल्यातील पाच वाजताची माणसे धन्याला हेच उत्तर देतात. आणि धनी काय करतो? तो मुकादमाला पाठवत नाही. तो स्वतः दिवसातून पाच वेळा बाजारचौकात जातो. एक दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे एका कुटुंबाची त्या दिवसाची भाकर. धनी तासांचा हिशेब बाजूला ठेवतो आणि भाकरीचा हिशेब करतो. तासाभराच्या मजुरीत त्या माणसाची पोरे अर्धपोटी झोपली असती.

पहिल्या कामकऱ्यांची तक्रार नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी मिळालेली आहे, त्यांचे काहीही कमी झालेले नाही. त्यांचे दुखणे वेगळे आहे. या उशिरा आलेल्यांना धन्याने त्यांच्या बरोबरीला बसवले, हे ते दुखणे. बंधुभगिनींनो, स्वार्थ म्हणजे जास्त मिळवण्याची हाव, असे आपण समजतो. हाव दिसते तरी. पण दुसऱ्याला माझ्याइतकेच मिळू नये ही इच्छा सज्जन, देवभीरू माणसाच्या मनातही दडून बसते आणि ती स्वार्थ म्हणून ओळखूही येत नाही. तिला आपण 'शिस्त', 'दर्जा', 'वातावरण' अशी गोंडस नावे देतो. पालकसभेत एखादे पालक म्हणतात, 'गरीब मुलांना मदत करायला आमची ना नाही, पण एकाच वर्गात...' आणि वाक्य अर्धवट सोडतात. मत्तयने ते वाक्य पूर्ण करून ठेवले आहे.

थोडे कायद्याविषयी बोलणे भाग आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संसदेने केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना या कलमातून वगळले आणि ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून तो सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यास सांगितले.

संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मोलाचा आहे आणि तो जपला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्यांची संख्या थोडी आहे त्यांना ढाल लागतेच. पण ढाल हातात असणे वेगळे आणि ढालीमागे आपण काय सांभाळून ठेवले आहे हे वेगळे. आपण श्रद्धा, भाषा आणि सेवा जपत असू तर ढालीचा उपयोग सार्थ आहे. ढालीमागे फक्त फी भरू शकणाऱ्यांचा वर्ग जपत असू, तर न्यायालयाने सवलत दिली तरी शुभवर्तमान ती देत नाही. कायदा आम्हाला २५ टक्क्यांपासून मोकळे करतो. दाखल्यातील धन्याने टक्केवारी ठरवलीच नव्हती. तो बाजारात जात राहिला, एवढेच शुभवर्तमान सांगते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या शाळांमध्ये सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित घटकांतील विद्यार्थी अवघे ८.७६ टक्के आहेत, आणि ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत, असे त्यात म्हटले आहे. हा अहवाल कोणत्या हेतूने काढला गेला यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. तरी पहिला आकडा वाचून आपल्याला लाज वाटली नाही, तर ती केव्हा वाटणार? दुसरा आकडा मात्र आम्हाला लाजेचा वाटत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा आपला जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केला. त्यात ऐहिक संपत्तीने गरीब असलेले, कुटुंबाच्या आधाराला व मायेला मुकलेले आणि श्रद्धेच्या दानापासून दूर असलेले अशा तिघांची विशेष काळजी घेण्यास शाळांना सांगितले आहे. तिसऱ्या गटाला आपण दार उघडले, हे चांगलेच केले. पहिल्या दोन गटांचे काय, हा प्रश्न उरतो.

इथे तत्त्वज्ञानाचा एक जुना भेद उपयोगी पडतो. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय आणि औदार्य या दोन सद्गुणांत फरक केला आहे. जे दुसऱ्याचे आहे ते त्याला देणे हा न्याय. जे माझे आहे ते दुसऱ्याला देणे हे औदार्य. सेमिनरीत हा भेद शिकताना तो फार सोपा वाटतो. पण प्रत्यक्ष आयुष्यात 'माझे' कुठे संपते आणि 'दुसऱ्याचे' कुठे सुरू होते, हे ठरवताना घाम फुटतो. संत थॉमस स्वतःच पुढे सांगतात की, अत्यंत गरजेच्या वेळी वस्तूंवरचा खासगी हक्क मागे पडतो. म्हणजे ज्याला आपण औदार्य म्हणून मिरवतो, ते पुष्कळदा थकलेले देणे असते.

शाळेतील एक बाक घ्या. त्या बाकावर बसलेले मूल कोणाच्या पैशाने बसले आहे? त्याचे आईवडील फी भरतात हे खरे. पण शाळेची जमीन कोणी मिळवली? पहिल्या खोल्या कोणाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या? कुणा दूरच्या देशातील म्हाताऱ्या आजीने मिशन रविवारच्या थैलीत टाकलेले नाणे त्या भिंतीत आहे. आयुष्यभर एका खोलीत राहून, पगाराचा पैसा कधी स्वतःचा न मानणाऱ्या सिस्टरांची ३०-४० वर्षे त्या भिंतीत आहेत. धर्मादाय संस्था म्हणून समाजाने दिलेली करसवलत आहे. एवढे सगळे बेरजेला धरले तर आपल्या मुलाचा बाकही निम्माअधिक दुसऱ्याच्या दानाचा निघेल. मग त्या बाकावर शेजारी कुणाला जागा देणे हे औदार्य की न्याय?

आणि आता जी गोष्ट बोलायला हवी तिच्याकडे येतो. द्राक्षमळ्याचा दाखला ऐकताना आपण स्वतःला नेहमी पहाटेच्या कामकऱ्यांत धरतो. आपण जुने, आपण पहिले, आपण उन्हात राबलो. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्तसभेला हे म्हणता येईल का? फ्रान्सच्या आनसी गावात १८३८ साली फादर पीटर मेर्मिये यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वैजापूर तालुक्यातील घोगरगावला आले. फादर गुरियन जाकिये यांचे नाव त्या परिसरातील गावांत आजही आदराने घेतले जाते. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा नावाची वस्तू गावकुसाबाहेरच्या पोरांनी लांबूनही पाहिलेली नव्हती. जिथे होती तिथे त्यांना आत घेत नसत. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा आणि आजोबा याच गावकुसाबाहेरचे. त्यांना पाटी कोणी दिली? ज्यांचे आपल्याशी रक्ताचे, जातीचे, भाषेचे, देशाचे कसलेही नाते नव्हते अशा माणसांनी. त्यांच्या मिशन बोर्डिंगमध्ये मिळणारी ज्वारीची भाकर आणि बाराखडी यांच्यावर आपली पहिली शिकलेली पिढी उभी राहिली. त्या पिढीतून मास्तर आले, नर्स आल्या, कॅटेकिस्ट आले, कंपाउंडर आले. त्यांची मुले शहरात आली. १७ डिसेंबर १९७७ रोजी आपला धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा तो याच माणसांच्या खांद्यावर उभा राहिला.

म्हणजे आपण पहाटेचे कामकरी नाही. आपण संध्याकाळी पाच वाजताचे. आपल्याला कुणी नेले नव्हते म्हणून आपण चौकात उभे होतो आणि एक धनी पाचव्यांदा बाहेर आला. आपल्याला पूर्ण दीनार मिळाला. आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आपण दिवसभर राबल्याच्या थाटात मळ्याच्या दारात उभे राहून नवीन येणाऱ्यांचे तास मोजतो आहोत. आत्मकेंद्रितता ही मुळात विस्मरणाची व्याधी आहे, असे आम्हाला वाटते. आपल्याला काय मिळाले हे जो विसरला, त्याला दुसऱ्याला मिळालेले खुपते.

हे विस्मरण पुसायला आपल्या जिल्ह्याची मातीच मदत करते. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील लेकरू संत एकनाथांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचवले, ही कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. नाथांनी त्या लेकराला पैसा दिला नाही. स्नान करून आलेल्या ब्राह्मणाचे जे सोवळे होते, ते त्या क्षणी त्यांनी सोडले. खिशातून काही काढून देणे आणि आपल्या स्थानातून काही सोडून देणे यांत केवढे अंतर आहे, ते या कथेत दिसते. आपल्या शहरातच, छावणीपासून फार दूर नाही अशा नागसेनवनात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांना मुंबईत महाविद्यालय होतेच. पण उच्च शिक्षणाची सोय जिथे अतिशय तोकडी होती त्या मराठवाड्यात ते आले. ज्यांना कुणी नेले नव्हते त्यांच्या नाक्यावर तेही आले, असे म्हटले तर चुकणार नाही. कॅथलिक शाळेने या दोघांच्या गावात राहून कमी मापाने द्यावे, हे शोभणारे नाही.

आता आक्षेपांचा विचार करू, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप पैशाचा. विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार फीमधूनच निघतो. शिक्षकांना तुटपुंज्या पगारावर राबवून गरीब मुलांना सवलत देणे म्हणजे एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढणे, आणि नाव मात्र आपले. हे आम्हाला मान्य आहे. तरी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा वर्गात ६० मुले आहेत आणि महिन्याची फी २,००० रुपये आहे. त्यात सहा मुलांची फी पूर्ण माफ केली, तर उरलेल्या ५४ जणांवर प्रत्येकी महिन्याला सुमारे २२२ रुपयांचा भार येतो. हा भार काही घरांना जड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पुष्कळ घरांना तो एका रविवारच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी आहे. शिवाय सगळा भार पालकांनीच का उचलावा? माजी विद्यार्थी आहेत, पॅरिश आहे, संस्था आहे. ज्यांच्या पहिल्या पगाराचा पाया या शाळेत घातला गेला, त्यांच्यापैकी किती जणांना आपण कधी विचारले? शाळेच्या रौप्यमहोत्सवी कमानीसाठी वर्गणी निघते. बाकासाठी मागितली तर निघणार नाही, असे आधीच कशाला धरून चालायचे?

दुसरा आक्षेप दर्जाचा, आणि याबाबतीत आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. दहावीचा शंभर टक्के निकाल ही आजकाल शाळांची आरती झाली आहे. बोर्डावर, बॅनरवर, वर्तमानपत्रात शंभर टक्के. काही ठिकाणी हे शंभर टक्के कसे येतात, हे पालकांना चांगले माहीत आहे. नववीत मागे पडलेल्या मुलाच्या वडिलांना बोलावून गोड शब्दांत दाखला काढून न्यायला सांगतात. ते मूल बहुधा गरीब घरातील असते, कारण ट्यूशन लावणे त्या घराला परवडलेले नसते. रुग्णालयाने अत्यवस्थ रुग्ण बाहेर काढावेत आणि आमच्याकडे कुणी दगावत नाही म्हणून पाटी लावावी, तसेच हे झाले. कॅथलिक शाळेला ९३ टक्के निकाल चालेल. त्या उरलेल्या मुलांसाठी संध्याकाळी एक तास जास्त थांबणारे शिक्षक असतील, तर तो निकाल अभिमानाने बॅनरवर लावावा.

संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या चरित्रातील एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी त्यांना मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण भेटला. त्याला शिकवता येत नाही, म्हणून त्याला पवित्र साक्रामेंतापासून दूर ठेवलेले होते. जिनिव्हाचे बिशप असलेल्या या संताने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्याशी बोलण्यासाठी हातवाऱ्यांची भाषा जमवली आणि त्याला देवाविषयी शिकवून प्रथम कम्युनियनसाठी तयार केले. म्हणूनच ख्रिस्तसभा त्यांना कर्णबधिरांचे आश्रयदाते मानते. मार्टिनला ऐकू येत नव्हते म्हणून बिशपने आपली बोलण्याची पद्धत बदलली. आपल्याकडे इंग्रजी न कळणाऱ्या आईला पालकसभेत तासभर इंग्रजीत भाषण ऐकावे लागते आणि शेवटी तिला सही कुठे करायची ते दाखवतात.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. आपली कॅथलिक मुले गरीब आहेत, आधी त्यांचे बघा. यात तथ्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, आपला झाला नाही. गावाकडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कॅथलिक घरातील मुलाला शाळेने पहिला हात दिलाच पाहिजे. त्याला मागे ठेवून औदार्याच्या गप्पा मारणे हा ढोंगीपणा होईल. आमचे म्हणणे फक्त एवढे आहे की, 'आपले' या शब्दाने सुरुवात व्हावी, शेवट होऊ नये. आणि खरी स्थिती पाहिली तर 'आपली मुले आधी' असे म्हणत शिफारस घेऊन येणारे पुष्कळदा आपल्यातील सुस्थितीतले असतात. भाड्याच्या खोलीतील आई शिफारस मागायला येतच नाही. ती फॉर्मची किंमत ऐकून गेटवरूनच परत जाते. तिच्याकडे आपणच जावे लागेल. धनी चौकात गेला होता, चौक त्याच्या घरी आला नव्हता.

मूल शाळेत आले म्हणजे काम संपले असेही नाही. प्रवेश मिळतो आणि मग पी.टी.चा पांढरा गणवेश, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख, सहलीचे पैसे, प्रोजेक्टचा थर्माकोल आणि रंगीत प्रिंट, हे सगळे एकेक करून येते. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याची प्रथा तर फार गोड दिसते. पण स्वतःच्या वाढदिवसाच्या दिवशीच गैरहजर राहणारी मुले असतात. आजारी असल्याची चिठ्ठी येते. वर्गशिक्षिकेने हजेरीपट आणि जन्मतारखा एकत्र ठेवून पाहिल्या, तर तो आजार काय आहे ते तिला कळेल. अशा वेळी सवलत मिळणाऱ्या मुलांना उभे करून वह्या वाटणे, फोटो काढणे, दात्याच्या हस्ते सत्कार घडवणे, हे आपण ताबडतोब थांबवले पाहिजे. उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे. कुणी म्हणेल, धन्याने तर शेवटच्यांना आधी मजुरी देऊन सगळ्यांना ती मुद्दाम दाखवली. खरे आहे. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर कुरकुर झालीच नसती. पण त्याने काय दाखवले ते पाहा. त्याने त्यांची गरिबी दाखवली नाही, त्यांच्या हातावर ठेवलेला सारखाच दीनार दाखवला. आपल्या वर्गात मुलांना सारखा बाक, सारखी वही, सारखा मान दिसावा. कोणाची फी कुठून आली, हे ऑफिसातल्या वहीत राहावे.

मुलांना औदार्य शिकवायचे कसे, असे शिक्षक विचारतात. मूल्यशिक्षणाचा तास आहे, उपवासकाळातील दानपेटी आहे, मिशन रविवारची पाकिटे आहेत. ही सगळी चांगली आहेत. पण दानपेटीत मूल जे टाकते ते बहुधा बाबांकडून मागून आणलेले असते. दहा रुपये आईने दिले, मुलाने पेटीत टाकले, बाईंनी शाबासकी दिली. यात मुलाचे काय गेले? सद्गुण सवयीने अंगी बाणतो, वीणा वाजवून वादक होतो तसा उदारपणे वागून माणूस उदार होतो, हे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात सांगून ठेवले आहे. मुलाकडे स्वतःचे म्हणावे असे काय असते? त्याचा वेळ, त्याची जागा, त्याचा मित्रांचा घोळका, कळलेले गणित. ज्या मुलीला गणित कळले आहे तिने मधल्या सुट्टीतील पंधरा मिनिटे न कळलेल्याला दिली, तर तिचे काहीतरी गेले. घोळक्याने नव्या मुलाला डब्याभोवती बसवून घेतले आणि त्याच्या डब्यातील ठेचा-भाकरीला नाक मुरडले नाही, तर घोळक्याने काही दिले. विसाव्या शतकातील फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल याला 'उपलब्ध असणे' म्हणत. स्वतःने काठोकाठ भरलेला माणूस कुणालाच उपलब्ध नसतो, कारण त्याच्यात दुसऱ्याला बसायला जागाच उरलेली नसते.

आणि मुले काय शिकतात ते अखेर मोठ्यांवर अवलंबून असते. जेझुइट संघाचे जनरल फादर पेद्रो अरुपे यांनी ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच्या संघाला विचारला आणि उत्तर नकारार्थी दिले. समोर त्या शाळांतून शिकून मोठी झालेली, मानमरातब मिळवलेली माणसे बसली होती. त्यातील अनेकांना ते रुचले नाही. शाळेची स्तुती ऐकायला आलेल्या माणसांना शाळेचा हिशेब ऐकावा लागला. आपल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात असा हिशेब कुणी मांडला तर टाळ्या किती पडतील, कोण जाणे. भारतातील बिशप परिषदेने २००७ साली कॅथलिक शिक्षणाचे अखिल भारतीय धोरण प्रसिद्ध केले आणि गरीब व वंचितांना प्राधान्य देण्याचे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. ते पुस्तक बहुतेक मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. शेते खरवडून गेली, जनावरे वाहून गेली, कित्येक घरांत दप्तरे आणि वह्यासुद्धा राहिल्या नाहीत. दुष्काळाची सवय असलेल्या आपल्या भागाला या पाण्याने नव्याने गरीब केले. त्या घरांपैकी काही कुटुंबे कामासाठी शहरात आली आहेत, काही येतील. कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की ऊसतोडीला गेलेली माणसेही परततील आणि त्यांच्याबरोबर अर्धे वर्ष शाळा बुडालेली मुले येतील. ही मुले प्रवेशाच्या तारखेनंतरच पोहोचतात. त्यांच्यासाठी तारीख संपल्यावरही काही जागा मोकळ्या ठेवता येतील का, त्यांच्या फीची आणि गणवेशाची जबाबदारी कोण घेईल, मागे पडलेला अभ्यास भरून काढायला संध्याकाळी कोण थांबेल, हे प्रश्न पॅरिश कौन्सिलपुढे ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. ज्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना आठवड्यातून दोन संध्याकाळ देता येतील त्यांनी आपली नावे ऑफिसात द्यावीत. आणि वर लिहिलेले ज्यांना पटले नाही, विशेषतः फी वाढेल म्हणून ज्यांना काळजी वाटते, त्यांनीही मिस्सानंतर थांबून आमच्याशी बोलावे. त्यांचे ऐकल्याशिवाय कौन्सिलमध्ये काही ठरणार नाही.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला, ख्रिस्तात,
पॅरिश प्रिस्ट